देवमाशांतील जीवाणुजन्य व्याधी : एका क्षीण कुळाची रुग्णकथा

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही रुग्णपरीक्षेची तीन साधने आपल्या नित्य परिचयाची आहेत. रुग्ण बालक असेल, तर प्रश्नपरीक्षेचा भार मातेवर पडतो. रुग्ण मूर्च्छित असेल, तर आप्तांवर पडतो. पण ज्या रुग्णाला काही विचारता येत नाही, ज्याची नाडी हाती लागत नाही, जो आयुष्यातील बहुतेक काळ पाण्याखाली असतो आणि क्षणभर वर येऊन पुन्हा दिसेनासा होतो, त्याचे निदान कसे करावे? आणि निदान झालेच, तर त्याला औषध कसे द्यावे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पशुवैद्यांपुढे तो २०१८ च्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष उभा राहिला. रुग्ण होती साडेतीन वर्षांची एक मादी. मुक्त समुद्रात विहार करणाऱ्या ऑर्का जातीच्या जीवाला तेथेच, त्याच्या कळपातून न काढता, प्रतिजैविक टोचण्याचा तो पहिलाच प्रयत्न होता. त्या प्रयत्नाची हकीकत आणि तिच्या अनुषंगाने देवमाशांतील जीवाणुजन्य रोगांविषयी आज उपलब्ध असलेली माहिती प्रस्तुत लेखात संक्षेपाने मांडली आहे. विषय आपल्या व्यवसायापासून दूरचा वाटेल. परंतु त्यातून उपस्थित होणारे प्रश्न वैद्यकाचे मूलभूत प्रश्न आहेत, असे वाचकांच्या ध्यानी येईल.

रुग्णाचे कुळ

देवमासा हा नावाने मासा असला, तरी तो सस्तन प्राणी होय. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना जन्म देतो व त्यांना दूध पाजतो. ऑर्का हा दात असलेल्या देवमाशांपैकी असून प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात तो डॉल्फिनांच्या कुळात मोडतो. इंग्रजीत त्याला ‘किलर व्हेल’ असे भीतिदायक नाव आहे. अमेरिकेचे वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत यांच्या सीमेवर जो बेटाबेटांचा समुद्र आहे, त्याला सेलिश समुद्र म्हणतात. तेथे वर्षाचा काही काळ घालविणारा ऑर्कांचा एक समुदाय ‘सदर्न रेसिडेंट’ या नावाने ओळखला जातो. ‘जे’, ‘के’ आणि ‘एल’ असे त्याचे तीन कळप आहेत. प्रत्येक कळप मातृप्रधान असून मुलगे व मुली दोन्ही जन्मभर आईजवळ राहतात.

पाठीवरील पर आणि त्यामागील करड्या रंगाचा पट्टा यांच्या छायाचित्रांवरून प्रत्येक प्राणी स्वतंत्रपणे ओळखता येतो, ही पद्धत मायकेल बिग या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात रूढ केली. १९७६ पासून केनेथ बाल्कम यांनी सुरू केलेली ‘सेंटर फॉर व्हेल रिसर्च’ ही संस्था या समुदायाची दरवर्षी शिरगणती करीत आली आहे. त्यामुळे कोणाची आई कोण, कोणाचा जन्म कधी झाला आणि कोण केव्हा दिसेनासा झाला, याची नोंद येथे एखाद्या घराण्याच्या वंशावळीसारखी उपलब्ध आहे. वन्य प्राण्यांच्या बाबतीत असा इतिहास मिळणे फार दुर्मीळ.

हा इतिहास मात्र सुखद नाही. १९६० व १९७० च्या दशकांत मत्स्यालयांच्या करमणुकीसाठी या समुदायातील अनेक पिले जाळ्यांनी पकडून नेण्यात आली. पुढे संख्या सावरत १९९५ मध्ये ९८ पर्यंत पोहोचली. त्यानंतर ती पुन्हा घसरली. अमेरिकेने २००५ मध्ये या समुदायाला कायद्याने संकटग्रस्त घोषित केले. २०२४ च्या उन्हाळी गणनेत हे प्राणी ७३ होते. ज्या समुदायात इतकेच सदस्य उरले आहेत, तेथे एका तरुण मादीचे आजारपण हे केवळ तिचे आजारपण राहत नाही. तिच्या पोटी जन्मू शकणाऱ्या पुढील पिढ्याच तिच्याबरोबर पणाला लागतात.

श्वसनाची रचना आणि संसर्गाचा मार्ग

देवमाशांतील जीवाणुसंसर्ग समजून घेण्यासाठी प्रथम त्यांच्या श्वसनसंस्थेकडे पाहिले पाहिजे. फुप्फुसदाह हे देवमाशांच्या व डॉल्फिनांच्या मृत्यूचे वारंवार आढळणारे कारण आहे, आणि त्याचे मूळ काही अंशी त्यांच्या शरीररचनेत आहे.

मनुष्याच्या नाकात वळणे आहेत, केस आहेत, श्लेष्मल आवरण आहे. आत जाणारी हवा तेथे गाळली जाते, उबदार व ओलसर होते, आणि बरीचशी धूळ व जंतू तेथेच अडकतात. देवमाशाच्या डोक्यावरील श्वासरंध्रात ही गाळणी नाही. शिवाय मनुष्य शांत बसला असता एका श्वासात फुप्फुसांतील हवेचा लहानसा भागच बदलतो; देवमासा मात्र एका श्वासात सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक हवा बदलतो, आणि तेही क्षणार्धात. अर्थात, पाण्याच्या पृष्ठाशी जे काही असेल, ते थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत ओढले जाते.

आता या पृष्ठाचा विचार करू. समुद्राचा अगदी वरचा, एक मिलिमीटरहूनही पातळ असा थर खालच्या पाण्याहून वेगळा असतो. तेलकट द्रव्ये, विरघळलेली रसायने आणि सूक्ष्मजीव यांची तेथे दाटी असते. देवमासा नेमका याच थरात तोंड वर काढून श्वास घेतो. जहाजांचा धूर तेथेच उतरतो, शहरांचे सांडपाणी तेथेच तरंगते. सेलिश समुद्राच्या काठचे व्हिक्टोरिया हे शहर २०२० च्या अखेरीपर्यंत आपले मैलापाणी केवळ जाळीतून गाळून समुद्रात सोडत होते. त्यानंतर तेथे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. रोगाचा मार्ग शोधताना पाणी आणि वायू हे दोन्ही एकाच वेळी विचारात घ्यावे लागतात, ते या कारणाने.

आढळलेले जीवाणू

समुद्रातील शव बहुधा बुडते किंवा कुजते; किनाऱ्याला लागते ते थोडे. तरीही गेल्या काही दशकांत जी शवविच्छेदने झाली, त्यांतून बरीच माहिती हाती आली आहे. काही ठळक उदाहरणे अशी :

१) जे कळपातील जे-१८ हा २२ वर्षांचा नर मार्च २००० मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर मृत आढळला. त्याचा मृत्यू तीव्र जीवाणुसंसर्गाने झाला होता, आणि त्या शवातून ‘एडवर्डसिएला टार्डा’ हा जीवाणू मिळाला. हा जीवाणू पाण्यात व माशांत आढळतो. ऐन उमेदीतील नर अशा संसर्गाला का बळी पडावा, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. त्याचे उत्तर पुढे येईल.

२) कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लागलेल्या एका नवजात ऑर्काच्या शवविच्छेदनात नाभिनाडीच्या धमनीचा दाह आढळला. कारण होते साल्मोनेला न्यूपोर्ट हा जीवाणू. नवजाताच्या नाभीतून संसर्गाचा प्रवेश ही गोष्ट सूतिकागृहाशी संबंध आलेल्या वैद्यांना वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सस्तन प्राण्यांचे हे दुर्बल द्वार समुद्रातही तेच आहे.

३) ब्रुसेला हा जीवाणू समुद्री सस्तन प्राण्यांत असतो, हे १९९४ मध्ये प्रथम प्रकाशात आले. देवमासे व डॉल्फिन यांतील प्रकाराला २००७ मध्ये ‘ब्रुसेला सेटी’ हे नाव देण्यात आले. गाईम्हशींतील ब्रुसेलाप्रमाणेच हाही गर्भपात घडवून आणतो. शिवाय मेंदू व त्याची आवरणे यांचा दाह उत्पन्न करतो. पट्टेरी डॉल्फिनांमध्ये हा विकार विशेष आढळला आहे. असा प्राणी दिशा हरवून जिवंतपणी किनाऱ्याला लागतो. किनाऱ्यावर आलेल्या डॉल्फिनाला लोक पुन्हा पुन्हा खोल पाण्यात ढकलतात आणि तो पुन्हा पुन्हा परत येतो, त्याच्या मुळाशी कित्येकदा असा व्याधी असू शकतो.

४) २००४ ते २०१३ या काळात ईशान्य प्रशांत महासागराच्या व हवाईच्या परिसरात मृत सापडलेल्या ५३ ऑर्कांचा एकत्रित अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २२ प्राण्यांच्या मृत्यूचे कारण निश्चित करता आले. त्यात जहाजाचा आघात होता, उपासमार होती, जन्मजात विकृती होती आणि जीवाणुजन्य रक्तदुष्टीही होती. सर्व वयांच्या प्राण्यांमध्ये मनुष्याच्या व्यवहाराचा कोठे ना कोठे संबंध दिसून आला, हा त्या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष.

परीक्षेची नवी साधने

मृताचे परीक्षण रोगाचे नाव सांगते, पण रुग्णाला वाचवीत नाही. जिवंत देवमाशाची परीक्षा करावयाची तर त्याने बाहेर टाकलेल्या गोष्टींचाच आधार घ्यावा लागतो : उच्छ्वास आणि मल.

२००६ ते २००९ या काळात संशोधकांनी लांब काठीच्या टोकाला जीवाणुसंवर्धनाच्या तबकड्या बांधल्या, नाव ऑर्काला समांतर चालविली आणि तो श्वास सोडीत असताना त्या फवाऱ्यात तबकड्या धरल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्छ्वासातून अनेक प्रकारचे जीवाणू व बुरशी मिळाल्या. त्यांत साल्मोनेला व स्टॅफिलोकॉकस ऑरियस यांसारखे रोगकारक होते आणि काही जीवाणू एकाहून अधिक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. ज्या प्राण्यांनी आयुष्यात कधी औषध घेतले नाही, त्यांच्या फुप्फुसांत औषधांना न जुमानणारे जंतू सापडावेत, याचा अर्थ स्पष्ट आहे. ते जंतू जमिनीवरून, आपल्या सांडपाण्यातून, तेथे पोहोचले असण्याची शक्यता मोठी आहे. संशोधकांनी समुद्रपृष्ठाच्या त्याच पातळ थराचे नमुनेही घेतले होते, आणि दोहोंतील अनेक सूक्ष्मजीव समान आढळले.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. उच्छ्वासात जीवाणू सापडला म्हणजे रोग झाला, असे नव्हे. मनुष्याच्या घशातही अनेक रोगकारक जंतू निरुपद्रवीपणे राहतात. म्हणून निरोगी प्राण्याच्या श्वासात सामान्यतः कोणते जीवाणू असतात, हे आधी ठाऊक असले पाहिजे. या दृष्टीने २०१७ मधील आणखी एक अभ्यास मोलाचा ठरला. केप कॉड व व्हँकुव्हर बेट या एकमेकांपासून खंडभर दूर असलेल्या ठिकाणी २६ कुबड्या देवमाशांच्या श्वासाचे नमुने लहान ड्रोनच्या साहाय्याने घेण्यात आले. दोन्ही ठिकाणच्या प्राण्यांत जीवाणूंचा एक समान, मूळ संच आढळला. निरोगी श्वासाची काही ठरावीक घडण असते, असे यावरून दिसते. तिच्यात बिघाड झाला तर तो पुढेमागे ओळखता येईल.

मलपरीक्षेसाठी तर एका कुत्र्याची मदत झाली. टकर नावाचा प्रशिक्षित कुत्रा नावेच्या नाळेवर उभा राहून वाऱ्यावरून ऑर्काच्या तरंगत्या मलाचा माग काढीत असे. या नमुन्यांतील अंतःस्रावांच्या मोजणीवरून २००८ ते २०१४ या काळात ओळखल्या गेलेल्या गर्भधारणांपैकी तब्बल ६९ टक्के गर्भधारणा निष्फळ ठरल्याचे अनुमान काढण्यात आले, आणि त्याचा संबंध मातेच्या उपासमारीशी जोडता आला. न स्पर्श करता, न पकडता, इतके ज्ञान केवळ मलपरीक्षेतून मिळावे, हे विशेष होय.

स्कार्लेटची चिकित्सा

आता मूळ रुग्णकथेकडे वळू. जे-५० ही मादी डिसेंबर २०१४ च्या अखेरीस जन्मली. तिच्या अंगावर दातांच्या ओरखड्यांच्या समांतर रेषा होत्या. कठीण प्रसूतीत कळपातील दुसऱ्या एखाद्या मादीने सुइणीप्रमाणे तिला दातांनी धरून बाहेर ओढले असावे, असा निरीक्षकांनी तर्क केला. तिला ‘स्कार्लेट’ हे नाव मिळाले. ती लहान चणीची, पण खेळकर होती.

२०१८ च्या उन्हाळ्यात ती झपाट्याने कृश होत गेली. ऑर्काच्या मानेमागील मेद झडला की कवटीचा आकार वरून दिसू लागतो आणि डोके शेंगेसारखे भासते. हे गंभीर क्षीणतेचे लक्षण मानले जाते. स्कार्लेटमध्ये ते स्पष्ट दिसू लागले. त्याच सुमारास त्याच कळपातील जे-३५ या मादीचे पिलू जन्मतःच दगावले आणि ती माता ते मृत पिलू १७ दिवस पाण्यावर उचलून धरून फिरत राहिली. जगभरच्या वृत्तपत्रांत त्या मातेची छायाचित्रे आली. स्कार्लेटच्या उपचारांकडे लोकांचे लक्ष लागले, ते या पार्श्वभूमीवर.

अमेरिकेच्या समुद्री मत्स्यव्यवसाय विभागाचे अधिकारी, कॅनडाचे शासकीय तज्ज्ञ आणि व्हँकुव्हर मत्स्यालयाचे पशुवैद्य एकत्र आले. प्रथम दर्शनपरीक्षा झाली, श्वासाचा नमुना घेण्यात आला. निश्चित निदान हाती नव्हते. परंतु जीवाणुसंसर्गाची शक्यता लक्षात घेऊन ९ ऑगस्ट २०१८ रोजी सॅन हुआन बेटांजवळ दुरून सोडलेल्या सुईबाणाने तिला दीर्घकाळ टिकणाऱ्या व्यापक प्रतिजैविकाची मात्रा देण्यात आली. तीन दिवसांनी लमी या तेथील मूळ रहिवासी जमातीच्या नावेतून तिच्या वाटेत जिवंत सॅमन मासे सोडण्यात आले. हेतू असा की, ती ते खात असल्यास पुढे माशांतून औषध देता येईल. तिने मासे खाल्ले की नाही, याची खात्री पटली नाही. पुढे कळपाच्या मलनमुन्यात कृमी आढळले. तेव्हा कृमिघ्न औषध देण्याचाही प्रयत्न झाला. ४ सप्टेंबरला प्रतिजैविकाची आणखी एक मात्रा देण्यात आली.

७ सप्टेंबरला ती आईसोबत शेवटची दिसली. १३ सप्टेंबर रोजी ती मृत झाल्याचे गृहीत धरण्यात आले. शव मिळाले नाही. त्यामुळे तिला जीवाणुसंसर्ग होता का, कृमींनी तिचे बल हरण केले का, की केवळ अन्नाच्या अभावी ती गेली, हे कायमचे अनिर्णित राहिले. चिकित्सकाच्या दृष्टीने याहून अस्वस्थ करणारा शेवट दुसरा नाही : उपचार केले, रुग्ण गेला, आणि उपचार योग्य होते की अयोग्य, हेही कळले नाही.

दोन पूर्वोदाहरणे

या प्रसंगी तज्ज्ञांच्या मनात दोन जुनी उदाहरणे होती, आणि ती परस्परविरोधी होती.

पहिले उदाहरण यशाचे. २००२ च्या आरंभी सिअॅटल शहराजवळ ‘नॉर्दर्न रेसिडेंट’ या शेजारच्या समुदायातील एक अनाथ पिलू एकटे सापडले. ‘स्प्रिंगर’ या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले. ती कृश होती, त्वचाविकाराने ग्रस्त होती, पोटात कृमी होते आणि तिच्या श्वासाला ॲसिटोनचा वास येत होता. तिला पकडून समुद्रातील जाळीच्या आवारात ठेवण्यात आले, आहार व औषधे देण्यात आली, आणि त्याच उन्हाळ्यात व्हँकुव्हर बेटाच्या उत्तरेस नेऊन तिच्या कुळाजवळ सोडण्यात आले. कुळाने तिला स्वीकारले. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये ती माता झाली.

दुसरे उदाहरण अपयशाचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये एल-९५ या तरुण नराच्या पाठीवरील परात त्याचा ठावठिकाणा कळावा म्हणून उपग्रहाशी जोडलेला यंत्राचा खिळा बसविण्यात आला. तो आधीच्या प्रयत्नात समुद्रात पडला होता. पुन्हा वापरण्यापूर्वी त्याचे निर्जंतुकीकरण ठरलेल्या पद्धतीने पूर्ण झाले नाही. मार्चच्या अखेरीस तो नर मृत आढळला. तज्ज्ञमंडळाने खिळ्याच्या जागेतून शिरलेल्या बुरशीच्या संसर्गाला त्याच्या मृत्यूला साहाय्यभूत ठरविले. हा रोग जीवाणुजन्य नव्हता, तरी धडा तोच. शस्त्राची शुद्धी राहिली, तर अभ्यास करणाऱ्याचा हातच रोगाचे द्वार उघडतो. त्यानंतर ही पद्धत थांबविण्यात आली.

स्प्रिंगर एकटी होती. तिला पकडल्याने कोणाचे कुटुंब दुभंगणार नव्हते. स्कार्लेट आईजवळ होती. तिला कळपातून काढावे, तर आजारी जीवावर विरहाचा भार. न काढावे, तर योग्य उपचार अशक्य. अखेरच्या आठवड्यात तिला पकडण्याची तयारी सुरू झाली होती, परंतु तोवर काळ संपला होता.

बीज आणि क्षेत्र

जे-१८ सारखा तरुण नर एका सामान्य जलीय जीवाणूला बळी का पडतो, या प्रश्नाकडे आता परत येऊ. संशोधकांच्या मते जीवाणू हा बहुधा शेवटचा घाव घालतो. शरीराची भूमी त्याआधीच दुर्बल झालेली असते. या दौर्बल्याची साखळी आज बरीचशी उलगडली आहे.

सदर्न रेसिडेंट ऑर्का जवळजवळ केवळ मासे खातात. उन्हाळ्यात त्यांच्या आहारातील सुमारे ८० टक्के भाग चिनूक जातीच्या सॅमन माशांचा असतो. नद्यांवरील धरणे, अतिमासेमारी व पाण्याची वाढती उष्णता यांमुळे चिनूक कमी झाले. दुसरीकडे, पीसीबी नावाच्या औद्योगिक रसायनांचे उत्पादन अमेरिकेत १९७९ मध्ये बंद झाले असले, तरी ती विघटन न पावता समुद्रात टिकून आहेत. लहान जीवांतून माशांत आणि माशांतून ऑर्कात त्यांचा संचय होत जातो. हा संचय मेदात होतो. प्राणी सुपोषित असेल, तोवर तो तेथेच पडून राहतो. उपासमार झाली की शरीर मेद वितळवून वापरू लागते आणि साठलेले विष रक्तात उतरते. ही रसायने रोगप्रतिकारशक्ती क्षीण करतात. मग जो जीवाणू एरवी निरुपद्रवी राहिला असता, तोच प्राणघातक होतो. नरांच्या शरीरात हा संचय आयुष्यभर वाढत जातो. मादीच्या शरीरातील बराचसा भाग दुधावाटे पहिल्या पिलाकडे जातो. मातेचे स्तन्य हेच विषाचे वाहन व्हावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

या विचाराला मेक्सिकोच्या आखातातून दुजोरा मिळाला. २०१० मध्ये ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीच्या अपघातानंतर तेथे मोठ्या संख्येने डॉल्फिन मरू लागले. त्यांपैकी ४६ प्राण्यांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २२ टक्के प्राण्यांत मूळचा जीवाणुजन्य फुप्फुसदाह आढळला. तुलनेसाठी घेतलेल्या इतरत्रच्या डॉल्फिनांत हे प्रमाण केवळ २ टक्के होते. ३३ टक्के प्राण्यांत अधिवृक्क ग्रंथींचे बाह्यक पातळ झाले होते. तुलनेच्या गटात ७ टक्के. जीवाणू तेच, समुद्र तोच. बदलली होती ती शरीराची सहनशक्ती.

यात २०२३ मध्ये आणखी एका कारणाची भर पडली. जनुकीय अभ्यासावरून असे दिसून आले की, संख्या अल्प झाल्याने या समुदायात निकटच्या नात्यांत संतती होते, आणि अशा संततीचे आयुर्मान कमी भरते. बीजदोषही क्षेत्रदोषाच्या जोडीला आला.

वाचकांना येथे व्याधिक्षमत्वाची आणि चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनाची आठवण होईल. वायू, उदक, देश व काल दूषित झाले असता भिन्न प्रकृतीच्या असंख्य जीवांना एकाच वेळी व्याधी ग्रासतो, हा विचार तेथे आहे. हे साम्य विचारांना दिशा देणारे आहे. परंतु तेवढ्यावरून प्राचीनांना हे सर्व तपशिलाने अवगत होते असे म्हणणे युक्त होणार नाही. पीसीबीचे मोजमाप प्रयोगशाळेतच झाले, आणि जीवाणूची ओळखही तेथेच पटली.

क्षेत्राची चिकित्सा

स्कार्लेटनंतर एक गोष्ट सर्वांना मान्य झाली : सुईबाणाने एका प्राण्याला औषध देणे हा अपवादात्मक उपाय राहील, खरी चिकित्सा परिसराची करावी लागेल. तिची काही पावले पडली आहेत. वॉशिंग्टन राज्यात जानेवारी २०२५ पासून खासगी नावांनी या ऑर्कांपासून १,००० यार्ड दूर राहिले पाहिजे, असा कायदा लागू झाला. नावांच्या आवाजाने त्यांच्या शिकारीत व्यत्यय येतो. क्लामथ नदीवरील चार धरणे काढून टाकण्याचे काम २०२४ मध्ये पूर्ण झाले, आणि त्याच वर्षी चिनूक मासे धरणांच्या जागेच्या वरच्या प्रवाहात पोहोचले. प्रत्येक ऑर्काची स्वतंत्र आरोग्यनोंद ठेवण्याचे कामही चालू आहे, जेणेकरून क्षीणता वेळेवर ध्यानी यावी.

हे उपाय संथ आहेत. जे-३५ या मातेने २०१८ नंतर एक सुदृढ पिलू वाढविले. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये जन्मलेले तिचे दुसरे पिलू अल्पावधीत गेले, आणि २०२५ च्या आरंभी ती पुन्हा मृत पिलू वाहून नेताना दिसली.

आपल्या किनाऱ्यापुरते

देवमासे आपल्या किनाऱ्यालाही लागतात. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला एक अजस्र निळा देवमासा किनाऱ्यावर येऊन मृत्यू पावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला अडकलेल्या पिलाला समुद्रात परत नेण्यासाठी ग्रामस्थ व शासकीय यंत्रणा यांनी पराकाष्ठेचे प्रयत्न केले, तरी ते वाचले नाही. अशा प्रसंगी गावातील वैद्याला बोलावणे येण्याचा संभव असतो. म्हणून काही सूचना नमूद करतो.

१) किनाऱ्याला लागलेला प्राणी जिवंत असो वा मृत, उघड्या हातांनी स्पर्श करू नये. श्वासरंध्राच्या समोर तोंड नेऊ नये. उच्छ्वासाचा फवारा संसर्गजन्य असू शकतो. हाताला जखम असल्यास दूरच राहावे.

२) जिवंत प्राण्याच्या अंगावर ओले कापड ठेवावे, श्वासरंध्र मोकळे ठेवावे व त्यात पाणी जाऊ देऊ नये. शेपटीला दोर बांधून ओढू नये.

३) वन विभागाला तत्काळ कळवावे, महाराष्ट्रात त्याचा कांदळवन कक्ष अशा घटनांची दखल घेतो.

४) स्पर्श झालेल्या व्यक्तीस नंतर दीर्घकाळ चढउतार होणारा ज्वर, रात्री घाम व संधिशूल असा त्रास झाल्यास ब्रुसेलाच्या तपासणीसाठी पाठवावे. समुद्री ब्रुसेलाची मनुष्यातील उदाहरणे मोजकीच आहेत. पण प्रश्नपरीक्षेत हा प्रश्न विचारलाच गेला नाही, तर निदान होणारच नाही.

५) रसग्रंथांतील अग्निजार म्हणजे अंबर, असे काही अभ्यासक मानतात. अंबर हा स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ आहे. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने असा पदार्थ बाळगणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. किनाऱ्यावर सापडल्यास तो वन विभागाच्या स्वाधीन करावा.

समारोप

स्कार्लेटच्या कथेत कोणी दोषी वैद्य नाही. उपलब्ध साधनांनी शक्य तेवढे करण्यात आले. तरीही ती गेली, कारण औषधाची सुई तिच्यापर्यंत पोहोचली तेव्हा व्याधीची पूर्वरूपे फार मागे राहिली होती, आणि त्यांतील बरीचशी तिच्या शरीरात नव्हे, तर नदीत, सांडपाण्यात आणि मेदात साठलेल्या विषात होती. निदानपरिवर्जन म्हणजे कारणाचा त्याग, हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण विद्यार्थिदशेत शिकतो. या रुग्णाच्या बाबतीत तो त्याग रुग्णाच्या हाती नव्हता; तो ज्यांच्या हाती होता, ते किनाऱ्यावर उभे होते.